धक्क्यावरचा गोली

दादाच्या डाव्या हातात सुया टोचलेल्या असायच्या, त्यामुळे खेळायला त्याच्याकडे एकच हात उरायचा. दुसरा हात माझा. कुडाळच्या डायलिसिस सेंटरमध्ये त्याच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला मी स्टूल ओढून बसायची. आमच्या मध्ये एक उशी आणि उशीवर तो जपानी खेळ. डावीकडची फुली, म्हणजे माणूस इकडेतिकडे चालवायचं बटण, दादाच्या अंगठ्याखाली. उजवीकडची दोन गोल बटणं माझ्या अंगठ्याखाली. चालवायचा तो आणि दाबायची मी. मशीन घरघरत राहायचं, त्याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन धुऊन परत यायचं, आणि आम्ही दोघं चाळिशीच्या आसपासची भावंडं त्या पोरखेळात डोकं घालून भांडत असायचो.

"तू लवकर दाबतंस गो."

"तू उशिरा वळवतंस. रक्त धुवन येयसर थांबाचा काय मी?"

सिस्टर लांबून म्हणायची, हळू बोला, पेशंट झोपलेत. आम्ही थोडा वेळ हळू बोलायचो.

मला राग लवकर येतो. आमच्या कट्टा गावच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे कुणालाही विचारा. दादाच्या डायलिसिसच्या दिवशी, आठवड्यातून तीनदा, मी शटर खाली ओढून त्याच्याबरोबर कुडाळला जायची, आणि दुसऱ्या दिवशी लोक येऊन कुरकुर करायचे की काल बंद होतं. मग मी काय सुनवायची ते इथे लिहीत नाही. लग्न माझं झालं नाही. का झालं नाही हे विचारणाऱ्याला त्याची झेरॉक्स जरा काळीच निघते. घरात आम्ही तिघं, आई, दादा आणि मी. दादाचंही लग्न झालं नव्हतं. ठरायचं, आणि ठरेपर्यंत तो जहाजावर गेलेला असायचा.

तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. हा खेळ त्याने जपानच्या कुठल्याशा बंदरात, जुन्या सामानाच्या दुकानातून उचलला होता. बरोबरच्या लोकांनी कॅमेरे घेतले, घड्याळं घेतली, आणि आमच्या या शहाण्याने तळहाताएवढं खेळणं घेतलं. त्याच्या पाठीत खोचायची ती पट्टी, म्हणजे खरा खेळ, तीही जपानीतच. वर चित्र होतं मोज्यातल्या पोरांचं आणि फुटबॉलचं. ते बघून त्याला वाटलं, फुटबॉल आहे, त्याला वाचायचं काय? घेतला. जहाजावर बसून उघडून बघतो तर त्यात फुटबॉल कमी आणि गप्पाच जास्त.

म्हणजे असं, की त्यात एक पोरगा असतो. तो गावभर हिंडतो, लोकांशी बोलतो, खेळाडू गोळा करतो. मग सामना लागतो. सामन्यातही पळापळ आपण करायची नाही. समोरचा गडी आडवा आला की खेळ थांबतो आणि चार ओळी येतात, पास द्यायचा, हूल द्यायची, रेटून जायचं की सरळ गोलावर मारायचा. तुमच्या गड्याची ताकद जास्त असेल तर तुमचं चालतं, नाहीतर बॉल गेला. जिंकलात की ताकद वाढते. हरलात तरी थोडी वाढते, हे मला त्या जपान्यांचं आवडलं. गडी तयार करायचा तर त्याला खेळवत राहायचं, दुसरा इलाज नाही.

आणि हे सगळं जपानीत. दादाने वर्षानुवर्षं घासून घासून ते अक्षर न वाचता पाठ केलं होतं. पास म्हणजे शिडी, हूल म्हणजे माशाचा काटा, गोल म्हणजे उलटी खुर्ची. जहाजावरून सुट्टीवर आला की पडवीत बसून तो हेच करायचा. त्या जुन्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, खिडकीकडे तोंड करून बसावं लागतं, आणि त्यात दोन पेन्सिल सेल घालावे लागतात. आई म्हणायची, "येवडो घोडो झालो, आणि बसता बघ कसो उजेड शोधीत." मला तेव्हा त्यात काडीचा रस नव्हता. मी त्याला म्हणायची, दादा, तुझ्या वयाचे लोक स्वतःच्या पोरांना खेळणी घेतात.

मग त्याच्या किडन्या गेल्या. रक्तदाब होता, तो जहाजावर कुणाला सांगितला नाही, सांगितला असता तर खाली उतरवलं असतं. शेवटी उतरवलंच. पाय सुजून भोपळे झाले होते. घरी आला तो कुडाळच्या फेऱ्या सुरू करायलाच. पाणी भांड्याने मापून. सोलकढी बंद. दारात माडांची रांग उभी आणि शहाळ्याला हात लावायचा नाही. एकदा मी त्याला विहिरीच्या काठावर नुसता बसलेला बघितला, आत बघत. मला वाटलं, काय हा विचार करतो आहे. "काय करतंस रे थय?" मी ओरडले. तो म्हणाला, "बघतंय. बघूक बंदी नाय मा?"

असल्या माणसाला चार तास खुर्चीत बसवून ठेवायचं तर काहीतरी लागतं. मोबाईल बघून त्याचं डोकं दुखायचं. मग एक दिवस मी कपाटातून ते यंत्र काढलं, सेल घातले आणि कुडाळला नेलं. एका हाताने त्याला जमेना. "दी हडे," म्हणत मी उजवीकडची बटणं धरली. तेव्हापासून आमचं ते सुरू झालं. मी कधी त्यात इतकी बुडाले ते मला कळलं नाही. एसटीत बसून मी मनातल्या मनात गडी लावायची, कोण पुढे, कोण मागे.

आमची गाडी एका सामन्यावर अडली होती. अडली म्हणजे काय, दादा जहाजावर असल्यापासून तिथेच अडलेला. काळ्या बनियनवाल्यांचा संघ, आणि त्यांचा एक उंच गडी मारायचा तो प्रत्येक बॉल आमच्या जाळ्यात. आमचा गोली म्हणजे निव्वळ खांब होता. दादाने त्याचं नाव 'फाटको' ठेवलं होतं, कारण त्याच्यातून काहीही आरपार जायचं. बॉल येताना दिसला की मी म्हणायची, "फाटक्या, शिरा पडो तुझ्या तोंडार, निदान हात तरी हलय!" हलवायचा नाही.

त्या खेळातल्या गावालाही समुद्र होता. एक धक्का होता, होड्या होत्या, आणि धक्क्याच्या टोकाला जाळ्याच्या ढिगाजवळ एक दांडगा पोरगा बसलेला असायचा. हाताचे पंजे फावड्याएवढे. हा गोली आहे हे आंधळ्यालाही कळावं. त्याला आम्ही पागी म्हणायचो. आमच्याकडे पाग टाकून, म्हणजे फेकजाळ्याने मासे धरतो तो पागी. त्याच्याशी बोललं की तो काहीतरी लांबलचक म्हणायचा, मग खाली शेजारी शेजारी दोन चौकटी यायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. आम्ही उजवीकडची घ्यायचो. पागी मान खाली घालायचा आणि समुद्राकडे तोंड फिरवून बसायचा.

"माजलो हा," दादा म्हणायचा. "जहाजार असो एक बोसन होतो, आमचो मुकादम. येवडा इचारला तरी बोलाचो नाय."

उजवीकडचीच का घ्यायची, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही, पण बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून पाषाणाला चिकटवतो, देवाच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला, आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नाही. लग्नं अशी ठरतात, घराचा पाया असा घातला जातो, मोडलेली भावकी अशी जुळते. दादा पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हाही देवाने उजवी दिली होती. तर जपानी खेळात अक्षर वाचता येत नसलं तरी उजवं-डावं तर कळतं ना! त्यात एकदा दादाने खेळातल्या एका फेरीवाल्याला चुकून डावीकडचं उत्तर दिलं आणि त्याने पिशवीतलं सगळं नेलं. झालं, तेव्हापासून डाव्या चौकटीवर बहिष्कार. मीही कधी शंका घेतली नाही. माझ्याही अंगात तेच रक्त.

आता खऱ्या गोष्टीकडे येते.

माझा आणि दादाचा रक्तगट एक. गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरात कोणी किडनी देणारं आहे का. मी म्हटलं, मी आहे. विचार करायला वेळ घ्या म्हणाले. मी म्हटलं, वेळ कशाला, घेऊन टाका. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, सगळं जुळलं. मी घरी येताना इतकी खूश होते की एसटीत कंडक्टरशी भांडलेसुद्धा नाही.

दादा म्हणाला, "माका नको."

"कित्याक नको?"

"तुझा अजून सगळा व्हवचा आसा. उद्या लगीन ठारला तर सांगतलंस काय? एक अवयव कमी आसा म्हणान?"

"माझा लगीन! माका बघूक येतलो तो किडनी मोजूक येतलो काय?"

"गप रव."

मी गप्प राहणाऱ्यांतली नाही. मी रडले, ओरडले, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून जेवले. तो ढिम्म. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डायलिसिसवर माणूस झिजत जातो, हृदयावर ताण येतो, जितकं लवकर कराल तितकं बरं. हे त्याच्यासमोर सांगितलं होतं. पण कितीही समजावलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं. आईचं तर डोकंच चालेना. एक मूल वाचवायला दुसऱ्याला चिरायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं आणि नको म्हणायलाही जीभ रेटत नव्हती. आईला मी तेव्हा खूप बोलले. पण आज तिच्या जागी स्वतःला उभी करून बघते तर मलाही काही सुचत नाही.

शेवटी आई म्हणाली, "देवाक इचारूया."

मला वाटलं, विचारा. देव काय नाही म्हणणार आहे? बहीण भावाला देते आहे, यात देवाचं काय जातं? आणि दादाही कबूल झाला. "देव सांगतलो तसा," म्हणाला. म्हणजे देवाने उजवी दिली की हा माणूस तयार. मी आंघोळ करून, डोक्यावरून न्हाऊन, नवी साडी नेसून देवळात गेले. नारळ ठेवला. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, या लेकीने मनात धरलेलं काम सुफळ होणार असेल तर उजवी सोड. आम्ही बघत राहिलो. दादा खांबाला टेकून बसला होता, त्याला उभं राहवत नव्हतं. समईचा वास, बाहेर कोणीतरी बैल हाकत होतं.

डावी पडली.

आईने हात जोडले आणि पदर तोंडाला लावला. गुरव म्हणाला, देवाचा विचार वेगळा दिसतो, पुन्हा लावूया काय? मी म्हटलं, लावा. दादा म्हणाला, "नको. देवाक परत परत कसला इचारतास, तो काय भाजीवालो आसा?" आणि उठला. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं. दोन वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. मला त्याचा संताप आला. देवाचा तर असा आला की नारळ न घेताच मी पायऱ्या उतरले.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कुडाळला जायची, शेजारी बसायची, पण खेळ पिशवीतून काढायची नाही. तो छताकडे बघत पडून राहायचा. दोन फेऱ्या अशा गेल्या. मशीनचा आवाज तेवढा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "फाटको वाट बघता आसतलो." मी यंत्र काढून उशीवर ठेवलं. सवयीने त्याने पोरगा धक्क्यावर नेला. पागी बसलेला. मी बटण दाबलं. पागी बोलायला लागला.

आणि माझं टाळकं सटकलं. एवढं काय बोलतो हा मेला दरवेळी? मी मोबाईल काढला. त्यात ते असतं, कॅमेरा धरला की परक्या भाषेचं मराठी करून दाखवतं. दुकानात मी पर्यटकांच्या कागदांसाठी ते वापरते. इतके दिवस माझ्या पर्समध्येच होतं, आणि खेळाला ते लावावं हे कधी डोक्यातच आलं नाही. सिस्टरच्या डोक्यावरच्या ट्यूबचा उजेड पडद्यावर यावा म्हणून दादाने यंत्र तिरपं केलं, मी मोबाईल वर धरला. अक्षरं हलली, थरथरली, आणि मराठी झाली. मोडकंतोडकंच.

'मी हळू आहे. मला कोणी घेत नाही. तुम्हाला माझी गरज आहे का?'

खाली दोन चौकटी. डावीकडे, 'गरज आहे.' उजवीकडे, 'गरज नाही.'

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी दादा हसला. हसताना त्याचा सुयांचा हात हलला आणि मशीन किंचाळायला लागलं. सिस्टर धावत आली, ओरडली, नळी सरळ केली. ती गेल्यावरही तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"इतकी वर्सा," तो म्हणाला. "इतकी वर्सा तो बापडो इचारता, माझी गरज आसा काय. आणि आपण त्याच्या तोंडार सांगतंव, नाय. परत जातंव, परत सांगतंव, नाय."

"ने डावीकडे," मी म्हटलं.

त्याने अंगठा सरकवला. मी दाबलं. पागी उठून उभा राहिला, उडी मारली, वाजंत्री वाजली. संघात आला.

मी त्याला तिथेच धरलं. "बघितलंस? डावी म्हणजे होय. देवान पण डावीच दिल्यान. कशावरून त्याचा म्हणणा होय नव्हता?"

"देव आपलो मालवणी आसा गो," तो म्हणाला. "जपानी नाय."

मला हसू आलं आणि हसू आलं याचा राग आला. मी म्हटलं, चेष्टा करू नको. मग तो गंभीर झाला. खेळावरचा हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. सुकलेल्या आंब्याच्या पानासारखा हात झाला होता त्याचा.

"तुका खरा सांगतंय," तो म्हणाला. "देवान उजवी दिल्यान आसती तरी माका नकोच होती. डावी पडली, माझा तोंड रवला. नायतर तुका आणि आयेक काय सांगाचा, ह्याच घोळत होता माझ्या डोक्यात."

"मग कौलाक हो कित्याक म्हटलंस?"

"तुका गप करूक."

काय बोलणार अशा माणसाला! मी म्हटलं, "मेल्या, मी तुका देतंय ता तुझ्यासाठी नाय देय. माझ्यासाठी देतंय. तू नसलंस तर मी त्या घरात कोणाशी भांडू?" हे मी इतक्या मोठ्याने म्हटलं की समोरच्या खुर्चीतले आजोबा डोळे उघडून बघायला लागले. दादाने अंगठा परत फुलीवर ठेवला. म्हणाला, "सामनो लाव."

सामना लावला. पागीला गोलात उभा केला, फाटक्याला बाहेर बसवला. आणि पागी फाटक्याहून वाईट निघाला! काळ्या बनियनवाल्यांनी आमच्या जाळ्याची चाळण केली. मला कळेचना. मग आकडे बघितले, आकडे तर जपानीतही ओळखता येतात. आमचे सगळे गडी वर्षानुवर्षं खेळून तयार झालेले आणि पागी अगदी कोरा, पहिल्या पायरीवर. धक्क्यावर बसून बसून त्याची ताकद कशी वाढणार? सुरुवातीला घेतला असता तर आत्तापर्यंत भिंत झाला असता. दादा म्हणाला, "हरकत नाय, करूया तयार." मग आम्ही त्याला घेऊन खेळाच्या पहिल्या गावात परत गेलो, शाळकरी पोरांच्या संघांशी सामने लावायला. दर फेरीला थोडा थोडा. पागी एखादा बॉल धरायला लागला की दादा खुर्चीतून मान उचलून बघायचा.

त्या पावसाळ्यात दादा फार खाली आला. मशीनवरून उतरल्यावर पायात पेटके यायचे, उलट्या व्हायच्या. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टाकायचा आणि कट्टा येईपर्यंत उचलायचा नाही. पूर्वी तो कधी असं डोकं टाकणारा माणूस नव्हता. आई त्याच्यासाठी मऊ भात करायची, तोही ताटात राहायचा.

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. सकाळची वेळ होती, मी खळ्यात, म्हणजे अंगणात, माडाचं झावळं ओढत होते. तो खुर्ची घेऊन उन्हात बसला होता, मफलर गुंडाळून.

"गो," तो म्हणाला, "तुझी ती किडनी आसा मा अजून?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. "आसा. जातली खंय?"

"मग दी," तो म्हणाला. "देतंस तर दी. माका जगाचा आसा."

झावळं हातातून खाली पडलं. ज्या शब्दासाठी मी वर्षभर घसा फोडला तो शब्द आला. मी आत गेले, चुलीशी बसून खूप रडले, तोंड धुतलं, आणि गोव्याला फोन लावला. आईने काही विचारलं नाही. ना कौल, ना गाऱ्हाणं. तिने फक्त दादाचे इस्त्रीचे कपडे काढून ठेवले.

गोव्यात पुन्हा सगळ्या तपासण्या. माझ्या उत्तम. दादाच्या छातीवर यंत्र फिरवून बघितलं, आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. चांगले होते बिचारे, मराठीतून सांभाळून बोलत होते. हृदय खूप फुगलं आहे म्हणाले, पंप करायची ताकद फारच कमी झाली आहे. भूल द्यायलाही ते झेपणार नाही. टेबलावरच जाईल. मी म्हटलं, पण तो हो म्हणतोय. तुम्हाला कळतंय का डॉक्टर, तो हो म्हणतोय! ते म्हणाले, मागच्या वर्षी करता आलं असतं. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी तो तसाच ठेवून बाहेर आले.

दादा बाकावर बसला होता. माझं तोंड बघून त्याला कळलं. "नाय म्हटल्यानी?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "बरा," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "चल, एसटी चुकात." परतीच्या वाटेवर बांद्याला चहा प्यायलो. त्याने अर्धा कपच प्यायला, पाण्याचं माप अजून पाळत होता.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. शेवटच्या फेऱ्यांना त्याचा अंगठा फुलीवर टिकेना, घसरायचा. मी दोन्ही बाजू धरायची आणि तो तोंडाने सांगायचा, डावीकडे, वर, मार. पागी बऱ्यापैकी तयार झाला होता. काळ्या बनियनवाल्यांना आम्ही एकदा बरोबरीपर्यंत आणलं. जिंकलो नाही. दादा गेला तो घरी, दुपारी, जेवणाच्या वेळेला. मी पेज घेऊन आत गेले तर तो तसाच पडला होता, तोंड भिंतीकडे. मी आधी त्याच्यावर ओरडलेच, की ऊठ, निवतली. मग हात लावला.

यंत्र कपाटात आहे. सेल काढून ठेवले आहेत, आत राहिले तर गळतात. लोक म्हणतात, खेळ ना, पुढे खेळ, त्याला बरं वाटेल. दोन हातांनी खेळायची मला सवय नाही असं मी सांगते, आणि ते खरंच आहे. देवळात मी जाते, कारण आईला धरून न्यावं लागतं. बाहेर पायरीवर बसते.

गेल्या महिन्यात माझं पोट दुखत होतं. आई मागेच लागली, म्हणून कुडाळला सोनोग्राफी करायला गेले. मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने गेले, त्या सेंटरवरून जायला नको म्हणून. आत एक तरुण डॉक्टरीण होती. पोटावर गार जेल लावलं आणि ते यंत्र फिरवत पडद्याकडे बघत बसली. पित्ताशयात खडा आहे म्हणाली, लहान आहे, घाबरू नका. मग यंत्र बरगडीच्या खाली एका बाजूला दाबलं, मग दुसऱ्या बाजूला, आणि मला धीर वाटावा म्हणूनच असेल, हसून म्हणाली, "बाकी सगळं मस्त आहे हं. दोन्ही किडन्या अगदी छान आहेत तुमच्या."

"त्यातली एक माझ्या दादाची आहे," मी म्हटलं.

ती थांबली. पडद्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, कुठे टाक्यांची खूण दिसते का ते शोधत. "म्हणजे?"

"त्याची न्यायची राहिली."